आयएनआर १.९ आहे, तरी रक्ताची गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शन द्यायचं का?

डोंबिवलीची_सून:

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

सासरे (आम्ही बाबाच म्हणतो), वय ६४, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त. मागच्या वर्षी लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) निघालं. दारूला आयुष्यात शिवले नाहीत. डायबेटिस, त्यातून फॅटी लिव्हर आणि त्याचं पुढे हे झालं. आधीच सांगून टाकते, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण कॉटजवळ बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच विचारतो, तोही हळू आवाजात.

आता पोटात पाणी, ताप आणि असंबद्ध बडबड म्हणून मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलंय. (नाव लिहीत नाही, तिथेच राहायचंय अजून.) पोटातलं पाणी तपासलं तर त्यात इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक आणि अल्ब्युमिनच्या बाटल्या चालू आहेत. आल्यापासून कॉटवरून उठलेले नाहीत, बाथरूमला न्यायला दोन माणसं लागतात. मधूनच वॉर्डबॉय मामांना "पुढे चला, पुढे सरका" म्हणतात. आम्हाला हसू येतं आणि रडूही येतं.

प्रश्न असा. रात्रीच्या डॉक्टरांनी फाईलवर एनॉक्सापॅरिन ४० लिहिलं, रोज एक, पोटाच्या कातडीखाली. म्हणाले, "पडून आहेत ना, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून." नवरा खाली मेडिकलमधून घेऊन आला. सकाळच्या राऊंडला दुसरे डॉक्टर आले आणि त्यांनी त्या ओळीवर सरळ रेघ मारली. "आयएनआर १.९ आहे. रक्त आधीच पातळ. याला कसली गाठ होतेय? उलट ब्लीडिंग होईल." (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, वाढला की रक्त पातळ समजतात.) इंजेक्शन तसंच लॉकरमध्ये पडून आहे.

रिपोर्ट: आयएनआर १.९, प्लेटलेट ६८ हजार, हिमोग्लोबिन ९.८, अल्ब्युमिन २.३, बिलिरुबिन ३.४, क्रिएटिनिन १.१. तीन महिन्यांपूर्वीच्या एंडोस्कोपीत "छोट्या व्हेरिसेस" (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा) लिहिलंय. रक्ताची उलटी किंवा काळी शी कधीच नाही.

दोघेही शिकलेले डॉक्टर, मग एकाच माणसाबद्दल इतकं उलटसुलट कसं? आणि आम्ही नेमकं काय विचारायचं? भांडण अजिबात नकोय. पायात पांढरे घट्ट मोजे घातलेत, तेवढ्यावर भागेल का?


पाऊस_आणि_चहा:

ताई, काळजी घ्या. माझ्या काकांना रक्त पातळ राहावं म्हणून रोज सकाळी लसूण आणि गुळवेलीचा काढा देत होतो. इंजेक्शनपेक्षा बरं, साइड इफेक्ट नाही. थोडा थोडा चमच्याने पाजून बघा.


परळची_सिस्टर_निवृत्त:

आधी काढ्याचं बोलते, मग बाकीचं. सिरॉसिसच्या पेशंटला, त्यातून शुद्ध धड नसलेल्याला, नातेवाइकांनी चमच्याने काढा पाजायचा नाही. ठसका लागून छातीत गेला तर न्यूमोनिया. आणि "साइड इफेक्ट नाही" कोणी सांगितलं? गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या ६ पेशंटांची नोंद २०२१ साली आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण ज्याचं लिव्हर आधीच खिळखिळं झालंय त्याच्यावर असले प्रयोग नकोत.

आता सूनबाई, तुझ्याकडे येते. मी मेडिसिन वॉर्डातच म्हातारी झाले. "लिव्हरचा पेशंट आहे, रक्त आधीच पातळ आहे" हे नोकरीला लागले तेव्हापासून ऐकत आलेय. बरीच वर्षं आम्ही सगळे तसंच मानायचो, शिकवलंही तसंच जायचं. म्हणून त्या सकाळच्या डॉक्टरांवर एकदम चिडू नकोस. पण आता हे मत मागे पडलंय.

कारण असं. रक्त गोठवणारी प्रथिनं लिव्हर बनवतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रक्त नको तिथे गोठू नये म्हणून त्याला आवरणारी प्रथिनंही लिव्हरच बनवतं. प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन ही त्यांची नावं. लिव्हर थकलं की दोन्हीकडचं उत्पादन घटतं. आयएनआर मात्र फक्त गोठवणाऱ्या बाजूचं मोजमाप करतो, आवरणारी बाजू त्यात धरलेलीच नसते. घरातली कमाई निम्मी झाली आणि खर्चही निम्म्यावर आला, तर नुसती पगाराची स्लिप बघून घर बुडालं असं म्हणता येईल का? इथे तेच होतं. शिवाय फॅक्टर आठ आणि व्हॉन विलब्रँड फॅक्टर ही गोठवायला मदत करणारी दोन प्रथिनं रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून येतात, आणि सिरॉसिसमध्ये ती वाढलेली असतात. तेव्हा तोल दोन्हीकडे जाऊ शकतो. अशा पेशंटला रक्ताची उलटी होताना मी पाहिलीय, आणि त्याच वॉर्डात, तसल्याच रिपोर्टच्या पेशंटची पोटरी सुजून डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीत) गाठ निघालेलीही पाहिलीय.

आयएनआर हे मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली आणलं ते वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांसाठी. त्या गोळीने १.९ झालेला आयएनआर आणि सिरॉसिसमुळे झालेला १.९ दिसायला सारखे, पण त्यावरून सिरॉसिसचा पेशंट गाठीपासून सुरक्षित आहे असं ठरत नाही.

तुझे बाबा अंथरुणाला खिळलेत, इन्फेक्शन आहे, अल्ब्युमिन २.३ वर आलंय. ही तिन्ही कारणं गाठीकडे नेणारी. म्हणजे रात्रीच्या डॉक्टरांनी काही भलतंसलतं लिहिलेलं नव्हतं. द्यायचं की नाही ते मी इथे बसून सांगणार नाही, ते पेशंट डोळ्यांसमोर असलेल्यानेच ठरवायचं.

मोज्यांचं मात्र सांगते, कारण ते काम आमचं. ते मोजे मापाने घ्यायचे असतात, पोटरीचा घेर मोजून. तुझ्या बाबांच्या पायांना सूज असणार. अशा पायांवर मोजा तास-दोन तासांत खाली सरकतो आणि घोट्यावर किंवा गुडघ्याखाली त्याची वळी होते. ती वळी दोरीसारखी आवळते. लिव्हरच्या पेशंटची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, तिथे आधी लाल रेघ उमटते, मग फोड येतो, आणि एकदा का कातडी फाटली की नवं इन्फेक्शन. आज संध्याकाळी भेटायच्या वेळेत गेलीस की मोजे स्वतः खाली करून बघ. बोटाने चाचप, टाचेखाली बघ, वळी पडली असेल तर सिस्टरना दाखव. दिवसातून एकदा तरी ते पूर्ण काढून पाय पुसून कातडी बघायलाच हवी. मोज्यांवर भागेल का म्हणशील तर माझा त्यांच्यावर फार विश्वास नाही.

त्यापेक्षा हवेने फुगणारे पट्टे बरे. पायाला गुंडाळायचे, मशीन आळीपाळीने हवा भरतं आणि सोडतं. इंजेक्शन देता येत नसेल तेव्हा डॉक्टर ते लिहितात. तुमच्याकडे मिळालं तर एकच लक्ष ठेव, मशीन चालू आहे ना. कॉटमागे प्लग एक, नातेवाईक चार. मशीनचा प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावलेला आणि पट्टे पायावर नुसते गुंडाळलेले, असं मी इतक्यांदा पाहिलंय की शेवटी शेवटी राऊंडला आधी प्लगकडेच बघायचे. (चार्जर उपटल्यावर नातेवाइकांची तोंडं बघण्यासारखी असायची.)

इंजेक्शन सुरू झालंच तर पोटावर पाण्याचा ताण असताना आणि बेंबीभोवती फुगलेल्या शिरा दिसत असताना तिथे टोचायला आम्ही नाखूश असायचो. सिस्टर मांडीच्या बाहेरच्या बाजूला देऊ शकतात, तसं त्यांना विचार. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, तो तसाच जाऊ द्यायचा. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही. तुम्ही लोक प्रेमाने चोळता आणि दुसऱ्या दिवशी तिथे पेरूएवढा काळानिळा डाग घेऊन "सिस्टर, हे काय केलंत" म्हणून येता.

आणि चालणं. बाबा शुद्धीवर येत जातील तसे फिजिओथेरपिस्टला विचारून पाऊल वरखाली करायला लाव, अंगठा नाकाकडे, मग खाली. कॉटशेजारी कमोड मागून घ्या. लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारं औषध) चालू असेल, दिवसातून दोन-तीनदा शी व्हायलाच हवी. दर खेपेला डायपरमध्येच उरकलं तर पाय जमिनीला लागणारच नाहीत.

शिंप्याची टेप जवळ ठेव. गुडघ्याखाली पुढच्या हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर रोज एकाच वेळी मोज. पेनाने खूण करून ठेव, म्हणजे जागा बदलायची नाही. लिव्हरच्या पेशंटचे दोन्ही पाय सुजतातच, त्याने घाबरू नकोस. एकच पाय जास्त सुजला, दोन्हींत ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला, पोटरी दाबली की कळ आली, तर लगेच सांग. आणि अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर राऊंडची वाट बघायची नाही, तिथल्या तिथे हाक मारायची.


पोटापाण्याचा_डॉक्टर:

सिस्टरांनी माझं काम बरंच सोपं केलंय. ठाण्यात पोटविकारतज्ज्ञ म्हणून प्रॅक्टिस करतो. बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा हे वाचून फाईलमध्ये डोस बदला असं कुणाला सांगू नका.

दोन डॉक्टर दोन गोष्टी का म्हणाले? कारण दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळा धोका आहे, आणि दोन्ही धोके खरे आहेत. सिरॉसिसचं रक्त गोठत नाही हा समज मोडायला फार वेळ लागला. २००५ साली मिलानच्या ट्रिपोडी आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत आवरणारी बाजूही हिशोबात धरून चाचणी केली, तेव्हा सिरॉसिसच्या रुग्णांचं रक्त निरोगी माणसांइतकंच थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारा मुख्य घटक) तयार करताना दिसलं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून पाहिलं, तर लिव्हरच्या रुग्णांत पायातल्या आणि फुप्फुसातल्या गाठींचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच निघालं. वाढलेल्या आयएनआरने त्यांना वाचवलं नव्हतं.

मार्गदर्शक तत्त्वांचं बोलायचं तर अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने २०२१ मध्ये म्हटलंय की हॉस्पिटलातल्या सिरॉसिसच्या रुग्णाला, इतर कुठल्याही रुग्णाच्या निकषांवर गाठीचा धोका असेल, तर नेहमीचं प्रतिबंधक इंजेक्शन द्यावं, नुसतं आयएनआर बघून टाळू नये. मात्र ही शिफारस कमकुवत पुराव्यावरची आहे, हे ते स्वतःच लिहितात. वॉर्डातल्या सिरॉसिसच्या रुग्णांवर मोठी, नीट आखलेली चाचणी नाही. जुन्या केसपेपरांवरून केलेले अभ्यास आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून "देऊच नका" म्हणणारा डॉक्टर मला जितका खटकतो, तितकाच डोळे मिटून प्रत्येकाला देणाराही खटकतो.

ठरवायचं कसं? गाठीचा धोका मोजायला आम्ही पाडुआ स्कोअर वापरतो. अंथरुणाला खिळणं ३ गुण, तीव्र इन्फेक्शन १, वय ७० किंवा वर असेल तर १, कॅन्सर किंवा पूर्वी झालेली गाठ प्रत्येकी ३, असे काही. ४ किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. बाबांचे पडून राहण्याचे ३ आणि इन्फेक्शनचा १, म्हणजे ४ झालेच. हा स्कोअर लिव्हरच्या रुग्णांसाठी बनवलेला नाही, अल्ब्युमिन त्यात येतच नाही, पण बोलणं सुरू करायला पुरतो.

मग दुसरी बाजू. सध्या कुठून रक्तस्राव होतोय का? व्हेरिसेस केवढ्या, त्यावर लाल खुणा आहेत का, नुकतं बँडिंग (त्या शिरा रबर बँडने बांधणं) झालंय का? प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या की माझा हात आखडतो. तिथे काळी-पांढरी रेघ नाही, पण विचार करावा लागतो. ६८ हजारांवर निदान प्लेटलेटमुळे तरी मी थांबलो नसतो. आणि किडनी. एनॉक्सापॅरिन किडनीवाटे बाहेर पडतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की ते अंगात साठत जातं. मग डोस कमी करतात किंवा साधं हेपॅरिन ५००० युनिट, दिवसातून दोन-तीनदा देतात. पोटातल्या पाण्याच्या इन्फेक्शनमध्ये किडनी बघता बघता घसरते (अल्ब्युमिनच्या बाटल्या त्यासाठीच चालू आहेत), म्हणून क्रिएटिनिन रोज बघा.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते असं: "बाबांना गाठीचा धोका किती वाटतो, आणि इंजेक्शन नको असेल तर आयएनआरशिवाय आणखी काय कारण आहे?" प्रश्न आवाज न चढवता विचारता येतो, आणि समोरच्याला फाईल पुन्हा उघडावीच लागते. आज नाही म्हणाले तर दोन दिवसांनी परत विचारा, रिपोर्ट बदललेले असतात.

तीन गोष्टी टाळा. आयएनआर "सुधारायला" म्हणून, रक्तस्राव नसताना, प्लाझ्माच्या पिशव्या चढवायला लावू नका. त्याने आकडा थोडा खाली येतो, पण रक्ताचं आकारमान वाढून पोर्टल शिरेतला (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला) दाब वाढतो. दुसरं, शेजारच्या काकांची रक्त पातळ करणारी गोळी चालेल का, असं मनातही आणू नका. बाबांच्या आकड्यांवर चाइल्ड-पू स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय त्याचे गुण) काढला, पाणी बरंच आणि बडबड धरून, तर १३ होतो, म्हणजे सी वर्ग, सगळ्यात गंभीर. रिवारॉक्साबानसारख्या गोळ्या या वर्गात देत नाहीत. तिसरं, डी-डायमर ही गाठीसाठीची रक्ततपासणी करून काही कळत नाही, सिरॉसिसमध्ये तो तसाही वाढलेला असतो. शंका आली तर पायाचं डॉपलर.

एक सांगून ठेवतो, काही घरांत हा प्रश्न येतो. हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिन दोन्ही डुकराच्या आतड्यापासून बनतात. कुणाचा आक्षेप असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम औषध आहे. पण किडनी बिघडल्यावर तेही चालत नाही.


घाटकोपर_पूर्व:

डॉक्टर, माफ करा, पण मला हे पटत नाही. माझ्या आईला सिरॉसिस होतं. असंच इंजेक्शन चालू होतं आणि पाचव्या दिवशी पहाटे रक्ताची उलटी झाली. तसराळं भरलं. आयसीयूत नेलं, बँडिंग केलं, त्या वेळी वाचली. नंतर विचारलं तर "या आजारात होतंच असं" एवढंच उत्तर. आम्हाला सही करण्याआधी कोणी धोका समजावला नव्हता. इथे वाचून लोक इंजेक्शन मागायला लागतील, ब्लीडिंग झालं तर जबाबदार कोण?


पोटापाण्याचा_डॉक्टर:

वाईट वाटलं वाचून. धोका समजावायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नाही.

व्हेरिसेस फुटतात त्या मुख्यतः पोर्टल शिरेतल्या दाबामुळे. इंजेक्शन न घेणाऱ्यांच्याही फुटतात. प्रतिबंधक डोसने रक्तस्राव वाढतो का, याचा एक चांगला अभ्यास इटलीत झाला, २०१२ साली प्रसिद्ध झाला. ७० रुग्ण होते. निम्म्यांना वर्षभर रोज एनॉक्सापॅरिन ४००० युनिट, म्हणजे ४० मिलिग्रॅमच. ४८ आठवड्यांत औषध न घेणाऱ्या ३६ पैकी ६ जणांच्या पोर्टल शिरेत गाठ झाली, घेणाऱ्यांत एकाच्याही नाही, आणि रक्तस्राव वाढला नाही. पण ते घरून येणारे, स्थिर, निवडून घेतलेले रुग्ण होते. वॉर्डातल्या तापलेल्या, गोंधळलेल्या रुग्णाला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. म्हणून तुमची शंका मी उडवून लावत नाही. आईंची फाईल न बघता इंजेक्शनमुळे झालं किंवा नाही झालं, दोन्ही म्हणता येणार नाही.


परळची_सिस्टर_निवृत्त:

घाटकोपर, तुमचा राग बरोबर आहे. आमच्या वॉर्डात इंजेक्शन चालू असलेल्या लिव्हरच्या पेशंटची शी मी स्वतः बघायचे. डांबरासारखी काळी, चिकट आणि एक ठरावीक घाण वास, तो वास एकदा कळला की पडद्याबाहेरून कळतो. उलटी व्हायच्या आधी बरेचदा तिथे चाहूल लागते. नाडी वाढते, पेशंट घामेजतो. नातेवाइकांनी डायपर मावशींच्या हाती देण्याआधी एकदा बघावं, किळस करू नये. लोहाची गोळी चालू असेल तर शी त्यानेही काळी होते, ते आधी विचारा. म्हणजे उगाच धावाधाव नको.


डोंबिवलीची_सून:

सगळ्यांचे आभार. आता पुढचं सांगते.

त्याच संध्याकाळी मोजे खाली करून बघितले. सिस्टर, तुम्ही लिहिलंत तस्संच, उजव्या घोट्यावर वळी आणि खाली लालभडक रेघ. ड्यूटीवरच्या सिस्टरनी लगेच काढले आणि दुसऱ्या दिवशी हवेचं मशीन आणून लावलं. (प्लगवर मी पहारा देतेय. शेजारच्या कॉटच्या मुलाशी थोडं वाजलं, पण मग त्याने पॉवर बँक आणली.)

राऊंडला डॉक्टरांना तुमचंच वाक्य विचारलं. माझा आवाज कापत होता. ते आधी जरा चमकले, "कुठे वाचलंत?" म्हणाले. पण मग फाईल मागे उलटवत एंडोस्कोपीचा कागद काढला, त्यावर लाल खुणा नाहीत हे बघितलं, आणि मोठ्या मॅडमशी बोलून घेतो म्हणाले. दुपारी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी आम्हाला दोन्ही धोके नीट समजावले, सही घेतली, आणि रात्रीपासून एनॉक्सापॅरिन ४० सुरू केलं, मांडीत. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.१ चं २.६ झालं. त्याच दिवशी ते बंद करून हेपॅरिन ५००० दोन वेळा लिहिलं. डॉक्टर, तुम्ही आधी सांगितलं नसतंत तर औषध बदललं म्हणून आम्ही घाबरलोच असतो. आता १.५ वर आलंय. प्लेटलेट दोन दिवसांआड बघतात, हेपॅरिनने त्या आणखी पडू शकतात म्हणे. शी पिवळीच आहे. मी आणि नणंद आळीपाळीने बघतो.

बाबा ओळखायला लागलेत. काल कमोडवर बसले, आज वॉकर धरून खिडकीपर्यंत गेले आणि खालच्या बसचा नंबर वाचून दाखवला.

आता दोन प्रश्न. डिस्चार्ज झाल्यावर हे इंजेक्शन घरी चालू ठेवायचं का? आणि लॉकरमध्ये दोन सिरिंज उरल्यात, त्यांचं काय करू?


परळची_सिस्टर_निवृत्त:

सिरिंज सीलबंद आणि बिल जवळ असेल तर मेडिकलवाल्याला विचार, काही जण परत घेतात. नाहीतर वॉर्डात सिस्टरकडे दे. घरी नेऊन "लागली तर असू दे" करू नकोस.

कमोडवर बसले हे वाचून बरं वाटलं गं.


पोटापाण्याचा_डॉक्टर:

गाठ झालेली नसेल आणि ते चालते-फिरते झाले असतील, तर प्रतिबंधक इंजेक्शन सहसा हॉस्पिटलातच थांबतं. घरी चालू ठेवायचं काही खास कारण मॅडमना वाटलं तर त्या डिस्चार्ज कार्डवर लिहितील, किती दिवस तेही लिहून घ्या. पाण्याचं इन्फेक्शन पुन्हा होऊ नये म्हणून अँटिबायोटिकची गोळी मात्र बहुधा देतील, ती कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

आणि सिरॉसिसमध्ये दर ६ महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावीच लागते, लिव्हरच्या कॅन्सरची गाठ लवकर सापडावी म्हणून. त्याच वेळी पोर्टल शीरही बघून होते. चिठ्ठीवर "पोर्टल व्हेन डॉपलरसह" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं "सोनोग्राफी ॲब्डोमेन" लिहिलं की बऱ्याच सेंटरवर डॉपलर करत नाहीत आणि मग त्याच कामासाठी पुन्हा उपाशीपोटी जावं लागतं.